निरोप राहून गेलेला पाहुणा

थांबा, मित्रांनो, बसू नका! मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. माझ्यावर बसण्याआधी माझी हकीकत ऐकून घेतलेली बरी.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. त्याने माझे पाय आणि हात घासून इतके गुळगुळीत केले की माशी बसली तरी घसरावी. मग वेत विणणारा आला. ओला वेत ताणून ताणून त्याने माझी बैठक विणली. काम झाल्यावर तो स्वतःच माझ्यावर टेकला आणि म्हणाला, "वा! आता हिच्यावरून उठवत नाही." ती माझी पहिली शाबासकी. तेव्हा मी हरखून गेले होते. आज ते शब्द आठवले की नको वाटतं.

मला विकत घेतलं माईंनी. माई म्हणजे या घरच्या गृहिणी. पाहुणे येणार म्हटलं की त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ येई. त्यांनी मला दारासमोर ठेवलं. येणाऱ्याला उंबऱ्यातूनच आपली जागा दिसावी, असा त्यांचा विचार. माझ्यावर निळ्या खोळीची उशी, शेजारी स्टूल, स्टुलावर झाकलेला पाण्याचा पेला आणि डाव्या हाताला खिडकी. चपला काढताना तोल जाऊ नये म्हणून दाराजवळ भिंतीला एक दांडीसुद्धा ठोकली होती. बाईंना सुचायचं तरी कसं, कोण जाणे! येणारे-जाणारे म्हणायचे, "माईंकडे आलं की परकं वाटत नाही." ते ऐकून मी मनातल्या मनात फुगायचे.

माईंचे नियम दोनच. आलेल्याला आधी पाणी द्यायचं, आणि निघालेल्याला फाटकापर्यंत पोचवायचं, मग तो पेपरवाला का असेना. "दारातूनच निरोप दिला की माणूस अर्धा आतच राहतो," असं त्या म्हणत.

"उद्या मांजर आलं तरी फाटकापर्यंत सोडायला जाशील," असं अप्पा, म्हणजे माईंचे यजमान, त्यांना चिडवायचे.

"जाईन! तुमचं काय जातंय?"

असं सगळं छान होतं. पण या घराला एक दुखरी जागा होती. यांच्या एकुलत्या एक लेकीने आपल्या पसंतीने लग्न केलं. जावई बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा. अप्पांच्या पचनी ते पडलं नाही. ती निघाली तेव्हा अप्पांनी तिच्या पाठोपाठ दार लावून घेतलं, आणि फाटकापर्यंत जायला निघालेल्या माई आतच राहिल्या. त्यानंतर लेक फिरकली नाही. तेव्हापासून बेल वाजली की माईंचा जीव वरखाली होई. कोण आलंय हे न बघताच त्या जिथे असतील तिथून ओरडत, "या, या, बसा!" लेक असली तर तिला क्षणभरही दारात ताटकळावं लागू नये, म्हणून.

नेमकं तेच नडलं.

एका दुपारी बेल वाजली. माईंचे हात पिठात बरबटलेले होते. "या, दार उघडंच आहे!" त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "बसा, आलेच मी!"

दार ढकललं गेलं. पावलं वाजली नाहीत. आणि कोणीतरी माझ्यावर बसलं.

मित्रांनो, मी आयुष्यभर माणसं तोलली आहेत. हे वजन माणसाचंच होतं. पण त्याला ऊब नव्हती. उशी सावकाश दबली, वेत कुरकुरला, माझ्या दोन्ही हातांवर दोन हात येऊन टेकले. माझ्या पायातलं लाकूडसुद्धा गार पडलं.

थोड्या वेळाने माई हात पुसत बाहेर आल्या. समोर कोणीच नाही. "अगंबाई, गेले वाटतं," असं पुटपुटत त्यांनी उशी थोपटून फुगवली आणि त्या परत आत गेल्या. उशी पुन्हा दबली. पाहुण्याला पाणी मिळालं नाही. त्याला कोणी निरोपही दिला नाही. मग तो जाणार कसा? तो बसूनच राहिला.

त्या दिवसापासून घराची रया गेली. माई खिडक्या पुसत, पडदे बदलत, पण येणारा माझ्यावर बसला की लगेच अंग चोरून उठायचा. "इथे गारठा वाटतो हो," म्हणायचा. कोणी पेला ओठांपर्यंत नेई आणि तसाच खाली ठेवी. हळूहळू माणसं दारातूनच बोलून जाऊ लागली. मी कुरकुरून सांगायचा प्रयत्न केला. त्यावर माईंनी काय करावं? वेत विणणाऱ्याला बोलावलं! त्याने जुना वेत काढून नवा ताणला, वर तळहात फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला. "माई, वीण अगदी ताठ आहे," तो म्हणाला. "पण मधे खोलगट का होतेय, समजत नाही." चहासुद्धा न घेता तो गेला.

अशात लेकीचा फोन आला. "आई, रविवारी दुपारी आम्ही दोघं येतोय. अप्पा नीट बोलले तर ठीक. नाहीतर या घराचं नाव पुन्हा काढणार नाही."

माई त्या दिवसापासून हवेतच होत्या. पण रविवारी जावई आत आले आणि माईंनी मोठ्या मायेने त्यांना नेमकं माझ्यावरच बसवलं. "ही खास पाहुण्यांची बरं का!"

माझ्यावर आता दोघं झाले. जावयांचा चेहरा पांढराफटक पडला. ते ताडकन उठले. वाईट दिसेल म्हणून पुन्हा बसले, आणि पुन्हा उठले.

अप्पांच्या कपाळावर आठी चढली. "का हो? आमच्या घरात बसायला काटे टोचतात?"

"तसं नाही, अप्पा..."

"मग कसं?"

लेकीने पर्स उचलली. तिचे डोळे भरून आले होते. "चल रे. मी सांगितलं होतं ना तुला!"

माईंनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. जावई तर उभे होते. मग उशी वर का आली नाही? त्या जवळ आल्या, हात पुढे केला आणि मधेच थांबवला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "त्या दुपारी माझे हात पिठात होते. मी 'या' म्हणाले, आणि बाहेर आलेच नाही वेळेवर."

"कोणाला म्हणालीस?" अप्पांनी विचारलं.

माईंनी ताजं पाणी भरून आणलं आणि दोन्ही हातांनी पेला माझ्यासमोर धरला. नवा जावई आपल्याला वेडी म्हणेल, लेक लाजेल, सगळं त्यांना कळत होतं. तरी त्या म्हणाल्या, "फार वाट बघायला लावली तुम्हाला. चुकलं माझं."

"आई, काय करतेयस?"

पेल्यातलं पाणी उतरू लागलं. तहानलेला माणूस घोट घोट पितो तसं ते तळापर्यंत उतरलं.

"चला," माई म्हणाल्या, "तुम्हाला फाटकापर्यंत सोडते."

वेत कुरकुरला. माझ्यावरचं ओझं उठलं. दारात उभे असलेले अप्पा चटकन बाजूला झाले, कोणाला तरी वाट द्यावी तसे. आणि आजवर कोणाला पोचवायला न गेलेले अप्पा निमूटपणे मागोमाग निघाले. जावई फाटक उघडायला पुढे धावले. मी खिडकीतून पाहत होते. माई आणि अप्पा, कोणा म्हाताऱ्याला सांभाळून न्यावं तसे, सावकाश चालत होते, आणि दोघांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी होती.

"या हं पुन्हा," माई फाटकाशी म्हणाल्या. सवयच ती.

अप्पांनी जावयांच्या खांद्यावर हात ठेवला, तो घरात येईपर्यंत काढला नाही. आत आल्यावर ते लेकीशी आधी बोललेच नाहीत. जावयांना म्हणाले, "बसा आता. जागा रिकामी आहे." जावई बसले. अहाहा, काय ऊब ती! संध्याकाळी लेक-जावयांना पोचवायला अप्पा स्वतः फाटकापर्यंत गेले, आणि तिथे बराच वेळ लेकीचा हात धरून उभे राहिले.

पुढे बरीच वर्षं गेली. अप्पा गेले. माई थकल्या, त्यांना लेक घेऊन गेली. घर बंद झालं. माझा वेत ढिला पडला, निळी उशी उंदरांनी खाल्ली. मी धूळ खात पडले. माझी कोणाला आठवण नव्हती.

एकाला मात्र होती. तोडलेल्या तारेची ती बेल एका दुपारी वाजली, आणि तेच गार हात माझ्या हातांवर येऊन टेकले. माईंनी 'या हं पुन्हा' म्हटलं होतं ना!

तेव्हापासून तो बसलाय. स्टुलावरचा पेला कोरडा आहे. मला पाणी देता येत नाही आणि फाटकापर्यंत चालताही येत नाही.

मित्रांनो, तुम्ही आता या घरात राहायला आलात. पडदे लावाल, दिवे लावाल, पाहुण्यांना बोलवाल. जरूर बोलवा. पण आधी पेला धुऊन पाणी भरा आणि माझ्यासमोर धरा. घाबरू नका, तो फार सोशिक आहे. मग त्याला फाटकापर्यंत सोडून या, आणि आल्यावर खुशाल माझ्यावर बसा. फार दिवस झाले हो, ऊब असलेलं कोणी माझ्यावर बसलेलं नाही.