माझ्या पोटावरची मेणबत्ती

मी ओस्तापच्या हातची होडी. अरुंद, लांबट, दोन आसनांची कयाक. लाकडाच्या बारीक फासळ्या आणि त्यांवर ताणून रंगवलेला कॅनव्हास, एवढाच माझा देह. आज कान देणारे कोणी भेटले आहे, म्हणून बोलते.

माझा जन्म कॅनडातल्या गवताळ माळावर, एका यंत्रशेडमध्ये झाला. बाहेर कमरेएवढा बर्फ साचलेला असे आणि आत ओस्ताप एकेक फासळी वाफेवर वाकवत बसे. तो गव्हाचा शेतकरी. होडी त्याने पूर्वी कधी बांधली नव्हती. पण नदीकाठच्या लाकडी ख्रिस्ती देवळात दर जुलैला उत्सव होई आणि त्याची बायको स्तेफा तिथे वेणीसारखा गुंफलेला गोल पाव, कोलाच, घेऊन जाई. हा पाव एकदा तरी नदीवरून न्यायचा, असा त्याचा संकल्प होता. माझ्या आतल्या फळीवर त्याने पेन्सिलीने वाटही लिहून ठेवली होती : ‘डावीकडे धान्याचे कोठार दिसले की उजव्या काठाला लागावे. देऊळ झाडांमागे आहे.’

माझा रंग वाळला आणि त्याच वसंतात ओस्ताप गेला. स्तेफाने मला शेडच्या आढ्याला टांगले. आठ वर्षे मी पाण्याचे तोंड पाहिले नाही. पाकोळ्यांनी माझ्या पोटाशी घरटी केली. त्यांच्या पिलांच्या चिवचिवाटालाच मी नामस्मरण मानले. जे तरण्यासाठी घडले त्याला टांगून ठेवणे, ही केवढी शिक्षा!

यंदा बातमी आली, की देवळातला हा शेवटचा उत्सव. गावे ओस पडली, भाविक उरले चाळीस. उत्सवानंतर दाराला कुलूप लागणार होते. त्या संध्याकाळी स्तेफाने शिडी लावली आणि मला खाली घेतले.

सोबतीला तिची मैत्रीण इंगा आली. इंगा दुसऱ्या पंथाची; मेणबत्त्या, धूप, संतांच्या चित्रांचे चुंबन तिला पटत नसे. खांदाही दुखरा. मागच्या आसनावर बसता बसता ती म्हणाली, “माझा तुझ्या देवावर विश्वास नाही, तुझ्या वल्ह्यावर तर त्याहून नाही. म्हणून मागे बसते.”

रविवारी पहाटे आम्ही निघालो. दोघींच्या मधे पांढऱ्या वस्त्रात बांधलेला कोलाच आणि शेजारी देवळात लावायची जाड, पिवळी मेणबत्ती. पालखीत देव बसावा तसा तो पाव माझ्यात बसला होता. दहाची प्रार्थना, त्याआधी पोचायचे.

पाठीला पश्चिमेचा वारा होता. दोन्ही काठांच्या उघड्या टेकड्या भराभर मागे सरत होत्या. स्तेफा डाव्या क्षितिजावर नजर लावून कोठाराची वाट पाहत होती. या माळावरची माणसे वाट विचारली तरी कोठारच दाखवतात. ते दिसले म्हणजे गाव आले. आठ वाजले, नऊ वाजले. कोठार काही दिसेना. आणि एका वळणानंतर समोर उभा राहिला तो हमरस्त्याचा पूल. देऊळ कधीच मागे पडले होते.

इंगाने वल्हे मांडीवर ठेवले. “स्तेफा, ते कोठार दोन वर्षांपूर्वी पाडलं. आपण दोघी तिथं उभ्या होतो. तू रडत होतीस.”

“तूही रडत होतीस,” स्तेफा म्हणाली.

डोळ्यांदेखत पडलेली गोष्ट मनात मात्र उभीच राहते, हा माणसाचा धर्म मी त्या दिवशी पाहिला.

इंगाने सुचवले की मला पुलाखाली बांधावे आणि वर जाऊन एखाद्या ट्रकला हात करावा. पंधरा मिनिटांत देऊळ. स्तेफाने फळीवरच्या पेन्सिलीच्या अक्षरांवरून बोट फिरवले.

“पाव पाण्यावरूनच जाईल. तू जा हवं तर, मी रागावणार नाही.”

“हो, आणि तू बुडालीस की आयुष्यभर मला टोमणे कोण मारणार?” म्हणत इंगा पाण्यात उतरली आणि माझी दोरी तिने चांगल्या खांद्यावर घेतली.

आता प्रवाह उलटा, वारा तोंडावर. दोघी गुडघाभर पाण्यातून, वाळूच्या उथळ्यांवरून मला ओढू लागल्या. एक ओढी, दुसरी ढकली. अर्ध्या वाटेवर गुरांसाठी घातलेले, पाण्यात बुडालेले काटेरी तारेचे कुंपण माझ्या पोटात शिरले. वीतभर कॅनव्हास फाटला आणि पाणी आत आले. स्तेफाने आधी पाव उचलून डोक्यावर धरला, मग मला वाळूवर ओढले.

दोघींनी मला पालथे केले. ज्या वाऱ्याने इतका छळ मांडला होता, त्यानेच माझी जखम वाळवली. स्तेफाने डोक्याचा रुमाल फाडला. मग तिने मेणबत्तीकडे पाहिले. ती देवापुढे लावायची होती. क्षणभर तिचा हात थांबला.

इंगाने आगकाडी ओढून पुढे धरली. स्तेफाने मेणबत्ती त्या ज्योतीवर पेटवली, थेंब थेंब मेण रुमालावर गाळले आणि अंगठ्याने माझ्या पोटावर दाबून बसवले. सगळी मेणबत्ती संपली.

आम्ही काठाला लागलो तेव्हा एक वाजून गेला होता. प्रार्थना आटोपली होती. झाडांखाली मांडलेल्या लांब टेबलांवर वारेनिकी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, निवत होत्या आणि चाळीस माणसे हात न लावता बसली होती. कोलाचला आशीर्वाद मिळाल्याशिवाय तिथे कोणी घास घेत नाही. देवळातला ऐंशी वर्षांचा गायक हावरिलो काठी टेकत काठावर आला.

“ये, स्तेफा. माझ्या मेहुण्याला आज पहिल्यांदा उपवास घडला, त्याचं पुण्य तुला.”

“काका, मेणबत्ती नाही आणली,” ती म्हणाली. “म्हणजे आणली, पण ती...” आणि तिने माझ्याकडे बोट दाखवले.

दोघींनी मला काठावर पालथे केले, तसा हावरिलो वाकला. ठिगळावरचे अंगठ्याचे ठसे त्याने बराच वेळ पाहिले. मग आत जाऊन पाद्रीबाबांना बाहेरच बोलावले. त्या शेवटच्या उत्सवात पाव माझ्या पोटावर ठेवून आशीर्वाद दिला गेला. इंगा सर्वांच्या मागे उभी होती; तिने डोक्यावरची टोपी काढलेली मी पाहिली.

देवळाला कुलूप लागले. मी पुन्हा शेडमध्ये आहे, पण आढ्याला नाही. दाराशी, सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर पालथी. नवा कॅनव्हास लावून देऊ, असे इंगाच्या जावयाने सुचवले होते. स्तेफाने ते ठिगळ काढू दिले नाही. परवा दोघी माझ्यापाशी उभ्या होत्या. पुढच्या जुलैत कुलूपबंद दारापर्यंत पाव नेऊन करायचे काय, असे इंगाने विचारले. “पायरीवर बसून खायचा,” स्तेफा म्हणाली. यावर इंगाने ओस्तापची ओळ खोडून त्याखाली नवी लिहिली : ‘पूल दिसायच्या आत उजवीकडे.’

माझे मागणे एवढेच. ज्याला तरायला घडवले, त्याला टांगू नका. उन्हाळा येऊ द्या. ठिगळ भक्कम आहे. मी तयार आहे.