तिसऱ्यांदा नको

कंडक्टरकाकांचं पित्ताशय काढायचं होतं. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ डॉक्टर वॉर्डात त्यांना तपासायला आली आणि "आ करा" म्हणाली, तर जेमतेम दोन बोटं शिरतील एवढंच तोंड उघडलं.

"जन्मभर 'पुढे सरका' ओरडलो. आता जबड्याने संप पुकारलाय," काका म्हणाले.

"जेवायला बसले की मिटतो तो संप," काकू म्हणाल्या.

डॉक्टर हसली, पण तिचं लक्ष त्यांच्या आखूड मानेकडे आणि दाढीआड लपलेल्या बारक्या हनुवटीकडे होतं. असा पेशंट जागा असतानाच, नाकातून लवचीक कॅमेरा घालून श्वासनळीत नळी बसवावी. पण तो कॅमेरा दुरुस्तीला गेला होता, यायला दोन दिवस होते.

"दोन दिवस थांबलं तर?" तिने सर्जनना विचारलं.

"दुखणं वाढतंय त्यांचं. तुझ्याकडे तोंडातून घालायचा व्हिडिओवाला आहे की!"

तिने मान डोलावली. डोलावली खरी, पण ते तिला सलत राहिलं.

सकाळी तिने काकांना भरपूर ऑक्सिजन दिला, मग झोपेचं आणि स्नायू सैल करायचं औषध. काकांचा श्वास थांबला. आता तो तिच्या हातात होता.

तिने व्हिडिओचं पातं तोंडात सरकवलं. पडद्यावर नुसतं गुलाबी मांस. श्वासनळीचं तोंड कुठेच दिसेना. नळी आत गेली ती अन्ननलिकेत. तिने लगेच काढली, मास्क दाबून श्वास दिला. छाती हलली, पण कष्टाने. उशी बदलून, पातं बदलून दुसरा प्रयत्न केला. आता घशात रक्त आणि सूज.

मॉनिटरचा टींटीं आवाज खाली उतरू लागला, त्यावरचा ऑक्सिजनचा आकडाही. ब्याण्णव. पंच्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर.

"अजून एकदा बघ, जाईल," सर्जन म्हणाले.

तिलाही तसंच वाटत होतं. जराशी मान वळवली की जाईल, आत्ता जाईल. याच आशेपायी माणसं दगावतात, हे तिला पाठ होतं.

"नाही. तिसऱ्यांदा नको," ती मोठ्याने म्हणाली. "सिस्टर, घशात बसणारा मास्क द्या. आणि दुसऱ्या भूलतज्ज्ञांना बोलवा."

सिस्टरने मास्क हातात ठेवला आणि हळूच सांगितलं, "मॅडम, गळा उघडायचा ट्रेही काढून ठेवलाय."

मास्क आत सरकला. तिने पिशवी दाबली. छाती वर आली. एकाहत्तर. तिने पुन्हा पिशवी दाबली. एकाहत्तर. त्र्याहत्तर. ऐंशी. मग आकडे भराभर चढले.

"उठवूया यांना," ती म्हणाली. सर्जननी हातमोजे उतरवले.

स्नायूंच्या औषधाचा उतारा दिला. काका खोकत जागे झाले.

बाहेर काकू उठून उभ्या राहिल्या. "इतक्यात झालं?"

"नाही झालं, काकू. नळी बसेना. ऑक्सिजन खाली गेला होता, म्हणून थांबवलं. आता ते ठीक आहेत." ती अडखळली. "मी कालच थांबायला हवं होतं."

"परत तुम्हीच असाल ना?" एवढंच काकूंनी विचारलं.

कॅमेरा येईपर्यंत काकांचं दुखणं औषधांवर आवरलं. तिसऱ्या दिवशी कॅमेरा आला, घशाची सूजही उतरली. तिने काकांचा घसा बधिर केला, त्यांना बसवून ठेवलं आणि कॅमेरा नाकातून हळूहळू सरकवला. काकांचे डोळे पाणावले. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"मोठा श्वास घ्या, काका. अजून एक."

पडद्यावर श्वासनळीची दारं उघडली. नळी आत गेली, श्वासाचा आलेख डौलात उमटला. मगच तिने त्यांना झोपवलं.

ऑपरेशन पार पडून काका घरी निघाले, तेव्हा तिने काकूंच्या हातात चिठ्ठी दिली. पुढे कधीही ऑपरेशन ठरलं तर ही आधी दाखवायची, असं बजावलं.

"'नळी घालण्यास अत्यंत अवघड'," काकूंनी अक्षरं लावत वाचलं. "नळीचं राहू दे, माणूसच अवघड आहे. बरं झालं, लेखी मिळालं."