कागदावरची वेगळी चूल

भिवराबाईनं जन्मात एकदाच शपथेवर खोटं सांगितलं, तेही पोराच्या घरासाठी.

गोदावरीचं पाणी गावात शिरलं त्या साली तिच्या मातीच्या घराची मागची भिंत बसली. नवरा आधीच गेलेला. उरलेल्या दोन खोल्यांत ती, मुलगा रामप्रसाद, सून बबिता आणि बबिताच्या सहा शेळ्या दाटीवाटीनं दिवस काढत होते. मग सरकारनं पूरवाल्यांसाठी वरच्या माळावर घरकुलं काढली. कमरेएवढा जोता, पक्क्या भिंती, वर स्लॅब. कितीबी पाणी येऊ दे, घर हलायचं न्हाई, असं सगळे सांगायचे.

अर्ज भरून देणारा हरिओम म्हणाला, "मायचं घर दुरुस्तीच्या यादीत गेलंय. तिला नवं भेटायचं न्हाई. रामप्रसाद, तू येगळा हायस म्हणलास तर तुला भेटंल. कागदावरच येगळं व्हायचं, खरं कुठं व्हायचंय?"

सोनपेठला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. मुलापासून पाच वर्षं विभक्त राहते, स्वयंपाक स्वतंत्र करते, असं लिहिणाऱ्यानं वाचून दाखवलं. भिवराबाईचा अंगठा शाईवर थबकला. ज्याला सकाळीच भाकरी कुस्करून दिली, तो शेजारी उभा होता.

"दे की माय," रामप्रसाद म्हणाला. "नव्या घरात रस्त्याकडची खोली तुजीच."

तिनं अंगठा दिला.

घर उभं राहताना तिनं वाळू चाळली, दोन वेळ भिंतींवर पाणी मारलं. कंबर धरली तरी सांगितलं न्हाई. वास्तूचं जेवण झालं आणि रस्त्याकडच्या खोलीत ती चार रात्री झोपली. पाचव्या दिवशी बबिता म्हणाली, "आत्याबाई, तपासणीला साहेब यायलेत. तुमी हितं दिसलात तर शेवटचा हप्ता अडकंल. चार दिस खालच्या जुन्या घरात ऱ्हावा."

वाकळ आणि पातेलं घेऊन ती खाली आली. साहेब आठव्या दिवशी आले. तिच्या दारातही आले.

"आजी, एकट्याच राहता?"

साहेबांच्या मागं रामप्रसाद जमिनीकडं बघत होता.

"व्हय. एकटीच."

साहेबांनी तिच्या चुलीचा फोटो काढला आणि गेले. त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवलीच न्हाई. पोरगा बोलवायला येईल, गरम खाऊ, असं मनात होतं. अंधार पडला तशी ती पाणी पिऊन आडवी झाली.

आठवड्यानं आपणच वर गेली. रस्त्याकडच्या खोलीत बबिताची पेटी, नवा पलंग आणि फ्रिज होता.

"अजून एक तपासणी हाय म्हणत्यात, माय," रामप्रसाद म्हणाला. बबितानं चहा दिला. चहा गोड होता. कुणी वाईट बोललं न्हाई, म्हणून भांडायलाही काही सापडलं न्हाई.

दिवाळी आली, गेली. एक दिवस हरिओम रस्त्यात भेटला.

"बाबा, किती तपासण्या ऱ्हायल्या अजून?"

"आता कसली तपासणी, काकू? हप्ता जमा होऊन दोन महिने झाले."

ती तिथंच वडाच्या पारावर बसली. पोरगा खोटं बोलला, यापेक्षा ते त्याला इतकं सहज जमलं, याचंच तिला लय लागलं. सोनपेठला अंगठा देऊन तिनंच तर त्याला वाट दाखवली होती.

तिचा धाकटा भाऊ मल्हार मेंढरं घेऊन राणीसावरगावच्या अंगाला निघाला होता. ती त्याच्या मेंढरांच्या वाड्यावर, रानातल्या मुक्कामावर गेली. "भाकरी थापायला माणूस लागतंय का?"

"अक्का, तू? या वयात? पोराचं पक्कं घर सोडून?"

"लागतंय का न्हाई, तेवढं सांग."

मल्हारनं सामानाच्या घोड्यावर तिच्या वाकळेपुरती जागा केली.

निघायच्या सकाळी रामप्रसाद मोटारसायकलवर आला. जाऊ नको म्हणेल, असं अजूनही तिला वाटत होतं. म्हणाला असता तर ती थांबलीही असती. तो गाडीवरून उतरला न्हाई. घोड्यावर चढवलेल्या तिच्या वाकळेकडं बघत राहिला.

"कवा येशील?"

"मेंढरं फिरतील तवा."

"बरं." त्यानं मान खाजवली. "माय, तवर खालच्या घरात शेळ्या बांधू का?"

"बांध," भिवराबाई म्हणाली, आणि मागं राहिलेल्या कोकराला काखेत घेऊन कळपामागं चालू लागली.