घरातलं खरं वाक्य

"खोटं वाक्य चालणार नाही!" मास्तरांनी फळ्यावर खडू आपटला. "पूर्वी घडायचं, आता घडत नाही, असंच सांगा. पण स्वतःच्या घरातलं. पुस्तकातलं उचललंत तर उभं करीन."

मोठ्या माणसांचा इंग्रजीचा क्लास होता; फळ्यावर 'यूज्ड टू' अशी ठसठशीत अक्षरं होती. एका शिपायाने इंग्रजीत सांगितलं, मी पूर्वी अंगठा चोखायचो. खसखस पिकली. नर्स म्हणाली, मी पूर्वी बारीक होते. तेही चाललं.

शेवटच्या बाकावर मास्तरांची बायको होती. क्लासला माणसं कमी, बाकं रिकामी दिसायला नकोत, म्हणून त्यांनीच तिला आणून बसवलं होतं. महिनाभरात तिने तोंड उघडलं नव्हतं. आज मास्तरांना लहर आली.

"बाईसाहेब, आता तुम्ही. नवऱ्याबद्दल सांगा. घाबरू नका, मार्क मीच देणार आहे!"

ती बाकाची कड धरून उभी राहिली आणि न अडखळता इंग्रजीत बोलली. माझा नवरा दाढी करताना गायचा. भांडण झालं की आधी तोच बोलायला यायचा. मला ताप आला की माझी वेणी घालायचा.

टाळ्या पडल्या. मास्तरांचा हात खडूसकट हवेतच राहिला. गाणं? त्यांनी जन्मात एक ओळ सुरात म्हटली नव्हती. भांडण झालं की आठ-आठ दिवस अबोला धरायचे. आणि वेणी!

गायचा तो तिचा पहिला नवरा. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच अपघातात गेलेला. दुसऱ्या लग्नानंतर तिने सोबत आणलेला त्याचा फोटो मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी तिच्या माहेरी परत पाठवला होता. या घरात त्याचं नाव निघता कामा नये, असं बजावलं होतं. तिने ते पाळलं. नाव तर तिने आजही घेतलं नव्हतं.

इतकी वर्षं ते समजत होते, विसरली. मेलेल्या माणसाचा इतका संताप त्यांना कधी आला नव्हता.

"बरोबर आहे का, सर?" तिने विचारलं.

खोटं म्हणावं, तर खरं काय ते सांगावं लागलं असतं.

"बरोबर."

"सर, आम्हालाही गाऊन दाखवा की!" शिपाई ओरडला. सगळ्या वर्गाने तोच धोशा लावला.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. आता तूच सोडव, असं ती नजर म्हणत होती. ती खाली बसली होती आणि बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवत होती.