पावणेतीन मिलिमीटर

वैशाख होता. भुसावळच्या माथ्यावर सूर्य नव्हता, सूर्याचा राग होता. तापीचं पात्र पांढरंफटक पडलेलं. केळीची पानं कडेकडेनं करपलेली. आणि यार्डातल्या असंख्य रुळांवर ऊन असं पाजळलेलं, की नुसतं पाहणाऱ्या डोळ्यालाही चरा पडावा.

त्या उन्हात मालडबे उभे होते. गंजवर्णी, लोहदेही, मौनमुख.

कुंपणाअलीकडे एका घरात, खिडकीजवळच्या टेबलावर, त्यांचीच अठरा पिल्लं उभी होती. वीतभरही लांब नसलेली. त्यांच्यावर कुमुदिनी फेगडे वाकली होती. तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेली, एकटी राहणारी, अल्पभाषिणी बाई. हातात सूक्ष्म मापाचं व्हर्नियर, ओठांत श्वास धरलेला.

डबे नानांचे होते. नाना, तिचे वडील, यार्डात डबे तपासत. लांब दांड्याची हातोडी चाकावर टणकन मारायची आणि कान लावायचा. निर्दोष चाक गातं. तडकलेलं चाक बोबडं बोलतं. आयुष्यभर नानांनी लोखंडाचं गाणं ऐकलं.

घरातली खेळण्याची गाडी मात्र परदेशी होती. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं जाताना दिलेली. एक इंजिन, वर्तुळाकार रूळ, अठरा डबे. संध्याकाळी फळी मांडली जाई आणि वेगाचं बटण दिगूच्या हाती जाई. दिगंबर, धाकटा भाऊ. कुमुदनं एकदाच बटण मागितलं होतं.

"तू डबे बघ," नाना म्हणाले होते. "चालवणं त्याचं काम."

म्हणून ती डबे बघत राहिली. दिगू वेग वाढवी, वळणावर डबा घसरे, आणि तो ओरडे, "अक्का, उचल!" ती उचले. चाकं रुळावर बसवी. पुन्हा वेग, पुन्हा वळण. "अक्का, उचल!" तिचं बालपण या दोन शब्दांत मावलं. उरलं काहीच नाही.

नाना गेले. वाटणीत दिगंबरनं इंजिन घेतलं, रूळ घेतले, आणि हसत म्हणाला, "डबे तू ने अक्का. तुला उचलायची सवय आहे."

ती हसली नाही. डबे घरी घेऊन आली.

मग सुरू झालं एक शीतल, सूक्ष्म, निर्दय काम.

हे डबे खोटे होते. हजारो खरे डबे तपासणाऱ्या माणसानं हा खोटेपणा घरात खपवून घेतला होता. दारं सरकती, आपल्या डब्याची दोन झडपांची, बाहेर उघडणारी. छपराची कमान उथळ. अंगावरच्या तिरप्या पट्ट्या गायब. तिनं यार्डाच्या कुंपणाशी उभं राहून खरे डबे न्याहाळले, मापं मिळवली, प्रत्येक मापाला सत्त्याऐंशीनं भागलं; खेळण्यातला डबा खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढा. पटाशीनं खोटी दारं खरवडली. केसाएवढ्या पट्ट्या चिकटवल्या. चिमट्यानं कड्या बसवल्या, रक्तमृत्तिकेचा तो तपकिरी रंग सात वेळा घोटून जुळवला. व्हर्नियरची शून्य-त्रुटी ती रोज आधी तपासे. मनाची तपासत नसे.

उरली चाकं.

परदेशी खेळण्याची चाकं साडेसोळा मिलिमीटर अंतराच्या रुळांवर चालतात. पण आपला रूळ रुंद आहे. सत्त्याऐंशीनं भागला तरी सव्वाएकोणीस येतो. फरक पावणेतीन मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्याएवढा.

चाकं तशीच ठेवली असती तर कुणाला कळलं असतं? एक अख्खा दिवस ती पहिला आस, दोन चाकांना जोडणारा तो दांडा, तळहातावर घेऊन बसली. दुपारी दिगंबरचा फोन आला. "वर्षश्राद्धाला नानांची गाडी चालवायचीय. पूर्ण अठरा डब्यांची. सगळ्यांना सांगितलंय मी. डबे घेऊन ये, आणि जवळच बस बाई, वळणावर घसरतात."

तिनं फोन ठेवला. आस कापला, चाकं पावणेतीन मिलिमीटर दूर सरकवली. मग उरलेल्या डब्यांचीही.

ते सत्यासाठी होतं की वैरासाठी, हे मोजणारं उपकरण तिच्याकडे नव्हतं.

वर्षश्राद्धाची पंगत उठली. दिगंबरच्या दिवाणखान्यात फळी मांडलेली होती, तीवर रुळांचं जुनं वर्तुळ, आणि इंजिन काळ्या मोत्यासारखं चमकत होतं. नानांचे मित्र, निवृत्त गार्ड तायडेकाका, घडी घातलेलं हिरवं निशाण घेऊन आले होते. आप्त दाटीनं उभे. बटणावर दिगंबरचा अंगठा.

कुमुदिनीनं खोकं उघडलं. पहिला डबा दिसला आणि सगळ्यांच्या माना पुढे झाल्या.

"अगं पोरी," तायडेकाका वाकले, "हा तर आपला डबा! ही कडी बघ. ह्याच कडीत माझं बोट सापडलं होतं." आणि त्यांनी ते वाकडं बोट सगळ्यांना दाखवलं.

तिनं डबा रुळावर ठेवला. एक चाक रुळावर बसलं. दुसरं बाहेर उतरलं. डबा कलला.

"अक्का, उचल!" दिगंबर म्हणाला. पन्नास वर्षांच्या सवयीनं, बटणावरून नजरही न काढता.

तिनं उचलला. आणि रुळावर नाही, खोक्यात ठेवला.

दुसरा ठेवला. कलला. उचलला, खोक्यात. तिसरा. चौथा. पंख्याचं पातं तेवढं ऊन हवा कापत होतं. अठरावा डबा कलला तेव्हा दिगंबरचा चेहरा विटकरीसारखा झाला होता.

"मुद्दाम केलंस."

"मोजून केलं."

"नानांची गाडी मोडलीस तू!"

"नानांचे डबे दुरुस्त केले. खोटा तुझा रूळ आहे."

दिगंबरनं रागानं बटण पिळलं. एकटं इंजिन सुटलं. मागे ओझं नसलेलं, डबे जोडायचा आकडा रिकामा, वर्तुळात वेडंपिसं. त्याला अडवायला वळणावर काहीच घसरत नव्हतं.

दाराशी तायडेकाकांनी तिला गाठलं. निशाण अजून घडीतच होतं.

"डबा नामी झालाय, कुमुद. पण हा आता चालायचा कुठं गं?"

अठरा अचूक डबे छातीशी धरून, वैशाखाच्या पांढऱ्या वणव्यातून ती घरी चालत आली.

आता तिच्या टेबलावर रूळ आहे. दोन पितळी सळ्या, दोन वीत लांब, सव्वाएकोणीस मिलिमीटर अंतर. भिंतीपाशी सुरू होतो, टेबलाच्या कडेला संपतो. त्यावर ती एक डबा ठेवते आणि बोटानं ढकलते. बटण नाही, वेग नाही, हाक नाही. डबा जातो आणि थांबतो. एकदाही घसरत नाही.

मग चिमट्याच्या टोकानं ती चाकाला हलकेच टिचकी देते आणि कान लावते.

बाहेर यार्डात एक लांब मालगाडी हलते. लोखंडावर लोखंड, लोखंडावर लोखंड, आणि त्या गडगडाटाखाली, टेबलाच्या कडेला, एक मोहरीएवढा नाद. निर्दोष. निर्मळ. कुणालाच ऐकू न जाणारा.