सरसाच्या डब्यात राळ शिजली

या मित्रांनो, सरका जवळ. ती पांढऱ्या गोंदाची बाटली जरा खाली ठेवा, झाकण लावून ठेवा. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. एका चौरंगाची आहे, एका नव्या नवरीची आहे, आणि थोडी माझी बी आहे. गोष्ट संपली की तुमच्याकडं एक मागणं मागणार आहे. आताच सांगून ठेवतो, मागून पळायचं नाही.

मी एक जुना सरसाचा डबा आहे. तांब्याचा. एकटा नाही, आम्ही दोघं आहोत, एकात एक बसलेले. बाहेरच्यात पाणी, आतल्यात सरस, म्हणजे लाकूड जोडायचा जुना गोंद. आग पाण्याला तापवते आणि पाणी सरसाला शेक देतं. सरस उघड्या आगीवर ठेवला तर करपतो, आणि करपलेला सरस काडीला काडी धरत नाही. म्हणून तांबटानं मला असा दुहेरी ठोकला. त्याच्या हातोडीचे व्रण माझ्या पाठीवर अजून आहेत, हात फिरवून पाहा.

बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात देवराम मिस्तरीचं दुकान होतं. दुकान कसलं, रस्त्याला लागून एक पडवी. मोठी कामं तो घ्यायचा नाही. पाट, चौरंग, पोथी ठेवायची घोडी, पोरांच्या गाड्या, भजनातली मोडकी पेटी, असली बारकी कामं त्याच्याकडं यायची. मी त्याच्या बापाच्या वेळचा. सकाळी तो आधी मला शेगडीवर ठेवायचा, मग चहाला. माझा वास सुटला की शेजारचा अत्तरवाला नाकाला रुमाल लावून शिव्या द्यायचा. सरस कशाचा होतो ते देवराम कुणाला सांगायचा नाही, आणि गिऱ्हाईक बी शहाणं, विचारायचं नाही.

पण देवराम गिऱ्हाइकाला एक गोष्ट हटकून विचारायचा. कुणी मोडकं काही घेऊन आलं, की तो हात लावायच्या आधी म्हणायचा, "हे सांग, वस्तू नांदणार कुठं?"

लोक हसायचे. अरे, पाटाला काय विचारतो, पोरीसारखं! पण त्याचं सगळं काम त्या एका सवालावर चालायचं. पतंग नाहीतर पोथीचा पुठ्ठा असला, तर कणकेची खळ, त्यात चिमूट मोरचूद, म्हणजे झुरळ तोंड लावत नाही. कागदाला कागद डकवायचा तर बाभळीचा डिंक. विळ्याची मूठ बसवायची तर लाख. लाकडाला लाकूड, आणि वस्तू घरात कोरडी राहणार, तर मी. पेटी-सारंगीला तर मीच, कारण उद्या ती उघडायची वेळ आली तर नुसती वाफ दिली की सरस सोडतो, लाकूड फाटत नाही.

"पण पाण्याची वस्तू असली," देवराम सांगायचा, "तर सरसाच्या वाटेला जायचं नाही. पाणी म्हणजे सरसाचं माहेर. दिसलं की हा निघाला."

त्याची एकुलती पोर सुमन माझ्याच शेजारी वाढली. तिची आई ती रांगत होती तेव्हाच गेली होती. फणी-आरशाच्या आधी त्या पोरीनं हातात पळी धरून माझ्यातला सरस ढवळला. सरस पळीवरून कसा पडावा, तुटक नाही, तारेसारखा, हे तिला देवरामापेक्षा जास्त कळायचं.

ते दिवस मोठे जोडाजोडीचे होते, मित्रांनो. राजेरजवाड्यांचे मुलूख देशाला जोडून झाले होते, आणि आता नवी राज्यं आखणं चाललं होतं. नेपानगरला कागदाची मिल उभी राहिली होती. पडवीत रोज वाद, की आपण नागपूरसंगं राहणार, मुंबईत जाणार, का भोपाळकडं. देवराम रंधा मारता मारता म्हणायचा, "कुठं बी चिकटवा, पण आधी विचारा तर खरं." सगळे हसायचे.

त्या साली वैशाखात सुमनचं लगीन झालं. सासर काही लांब नाही, शनवाऱ्यात. नवरा दिगंबर मास्तर, गरीब गायीसारखा. पण घर चालायचं सासूच्या, गोदाबाईच्या, नजरेवर. नजर अशी की दुधाला बी उतू जायची हिंमत नाही.

सुनेची पहिली कानबाई श्रावणात येणार होती. कानबाई म्हणजे आमच्या खान्देशाकडची देवी. नारळाला नथ-डोळे लावतात, साडी नेसवतात, आईतवारी चौरंगावर बसवतात, सोमवारी तापीत बोळवतात. लेकीच्या पहिल्या कानबाईला देवरामानं स्वतःच्या हातानं चौरंग केला. सागवानाचा, मधे शिसमाच्या पाकळ्यांचं कमळ बसवलेलं. देवीच्या आसनाला लोखंड लावायचं नाही, म्हणून एक बी खिळा नाही. सगळा भार माझ्यावर. मी बी त्या दिवशी जीव ओतला. चौरंग पाहून तो अत्तरवाला रुमाल काढून म्हणाला, "देवराम, आज तुझा वास माफ."

आणि इथंच चूक झाली. हजार जणांना विचारलेला सवाल देवरामानं लेकीच्या चौरंगाला विचारला नाही. देवरामाच्या घरी कानबाई टोपलीतून नदीवर जायची आणि चौरंग घरीच राहायचा. त्याला वाटलं, सगळीकडं तसंच. आता घराघराची कानबाई वेगळी असते हे बायकांना ठाऊक असतं. सुमनची आई असती तर तिनं विहिणीला दहा गोष्टी विचारल्या असत्या. आणि कानबाईच्या प्रसादाचा रोट भाऊबंदांशिवाय कुणी खात नाही, म्हणून देवराम त्या घरी सणाला कधी गेलाच नव्हता. पाहणार कुठून?

आईतवारी दुपारी सुमन पडवीत आली. कण्हेरीची फुलं आणायला जाते सांगून निघाली होती. तोंड पांढरं पडलेलं.

"आबा," ती म्हणाली, "त्यांच्याकडं कानबाई चौरंगासकट तापीत उतरते. नवी सून डोक्यावर नेते. आरती होईपर्यंत चौरंग पाण्यात धरून उभं राहायचं."

देवरामाच्या हातातली पटाशी खाली पडली. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

श्रावणातली तापी, आरती लांबलचक, आणि सगळे सांधे सरसाचे. सुमनच्या सासरच्याच गल्लीत एका सुनेच्या हातून कानबाईचा कलश कलंडला होता. ती देवीला नको झाली म्हणत तिला माहेरी धाडलं, ते आजतागायत कुणी आणायला गेलं नव्हतं. इथं तर आसनच हातात सुटणार होतं. सुमनला तीच सून आठवत होती हे देवरामाला बी कळत होतं आणि मला बी.

दुसरा चौरंग द्यावा, तर बसलेली देवी हलवत नाहीत. खिळा चालत नाही. देवरामानं जाऊन काही करावं, तर आज त्या घरात परक्याचा हात चौरंगाला लागत नाही. राहिली सुमन.

"राळ आणि मेण," देवराम म्हणाला. "खालून सगळ्या सांध्यांवर फिरव. पाणी आत शिरलं नाही तर सरस धरून राहील. वरच्या कमळाचं काही करता येणार नाही, तिथं देवी बसलीय."

"कशात वितळवू?"

त्यानं मला उचललं. आतला सरस खरवडून काढला, राखेनं घासून घासून मला लख्ख केलं, आणि राळेचे खडे, मेण, थोडं जवसाचं तेल माझ्या पोटात टाकलं.

"आबा, यात एकदा मेण गेलं की परत सरस शिजत नाही. आज्याचा डबा आहे."

"मला शिकवून राहिली?" देवराम म्हणाला. "जा. फुलं वरून टाक."

असा मी कण्हेरीच्या फुलांखाली लपून शनवाऱ्यात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी फुलं घातली होती.

तिन्हीसांज झाली होती. अंगणात बायका गाणी म्हणत होत्या. सुमननं मला चुलीच्या कडेला ठेवलं, आणि राळ पातळ व्हायला आली तशी पाठीमागून आवाज आला.

"काय शिजवून राहिली गं?"

गोदाबाई. खोटं बोलायला जागा होती, पण त्या पोरीनं सगळं सांगून टाकलं. सरस, पाणी, आबांची चूक, सगळं.

गोदाबाई चुलीपाशी आली. मग वाकून तिनं माझा वास घेतला.

"माझ्या पहिल्या कानबाईला," ती हळूच म्हणाली, "चौरंगाचा एक पाय हलत होता. कुणाला सांगू? नदीपर्यंत मी देवीचं नाव नाही घेतलं, त्या पायाचंच घेतलं." तिनं पदर खोचला. "चल, दिवा मी धरते."

आणि मग पोरांनो, काय सोहळा! नवी सून चौरंगाखाली पालथी, हातात काथ्याची कुंचली, बाजूला मी. समोर गोदाबाई पदर पसरून बसलेली, म्हणजे अंगणातल्या जावांना काही दिसू नये. कुणी आत डोकावलं की ती मोठ्यानं गाणं सुरू करायची. गळा असा की डोकावणारी परत जायची. खालून सुमन पुटपुटली, "आत्याबाई, थोडं हळू, हात हलतो." गोदाबाई म्हणाली, "चूप लाव तू. सांधा सुटला तर दोघींना धाडतील."

सोमवारी मी नदीवर नव्हतो. जे कळलं ते सुमन आल्यावर कळलं. ती कंबरभर पाण्यात उभी होती आणि आरती संपता संपत नव्हती. चौरंगाचा एक सांधा हलला नाही. पण वरचं कमळ उघडं होतं. शेवटच्या कडव्याला एक शिसमाची पाकळी सुटली आणि पाण्यावर आली. सुमनचे दोन्ही हात गुंतलेले. ती नुसती पाहत राहिली.

शेजारी गोदाबाई उभी होती. तिनं तापीला नमस्कार करायला म्हणून हात पाण्यात घातला, पाकळी मुठीत घेतली, आणि पदराला गाठ मारली. काठावरच्या एका जावेनं विचारलं, काय हो ते? गोदाबाई म्हणाली, "देवीनं सुनेला प्रसाद दिला."

दोन दिवसांनी ती स्वतः सुमनला घेऊन पडवीत आली. संगं चौरंग आणि मी. गाठ सोडून तिनं पाकळी देवरामापुढं ठेवली. देवराम मान खाली घालून बसला होता. तिनं त्याला एक शब्द बोलू दिला नाही.

"व्याहीबुवा, तुम्ही सगळ्यांना काहीतरी विचारता म्हणे. आम्हाला नाही विचारलं."

देवरामानं पाकळी हातात घेतली. "विहीणबाई, हा चौरंग नांदणार कुठं?"

"सालातून एक दिवस पाण्यात," गोदाबाई म्हणाली. "बाकी आमच्याकडं, सुमनपाशी."

देवरामानं ती पाकळी राळेत बसवली. माझ्यातल्याच.

तेव्हापासून माझ्यात सरस शिजला नाही. देवरामानं दुसरा डबा ठोकून घेतला. मी फळीवर गेलो. कुणी माझ्यात बारके खिळे ठेवले, कुणी विड्या विझवल्या. पुढं बाटलीतला पांढरा गोंद आला, आणि तो नवा डबा बी माझ्या शेजारी येऊन बसला. देवराम गेला, पडवी गेली. सुमननं तेवढं मला पदराखाली घालून आणलं, पहिल्यासारखंच. आता ती तुमची आजी आहे, आणि मी या खिडकीत तुमचे ब्रश सांभाळतो. बाटलीवर माझा राग नाही, गोंद चांगला आहे. पण तुम्ही तोच कपाच्या कानाला लावता, तोच चपलेला, तोच पतंगाला, तोच अंगणात पावसात राहणाऱ्या चिमणीच्या घरट्याला, आणि मग म्हणता, गोंदच खोटा. गोंद खोटा नसतो रे. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

तर आता माझं मागणं. ते घरटं चिकटवायच्या आधी एकदा हातात धरा आणि विचारा, बाबा, तू नांदणार कुठं? आणि दिवाळीला मला घासायला काढाल तेव्हा बाहेरून घासा, हवं तेवढं चकचकवा. आत मात्र हात घालू नका. तळाला काळपट राळेचा एक थर आहे, तो तेवढा राहू द्या.