गोळ्या चुकवायचा खेळ

मित्रांनो, मी एक जुने खेळयंत्र आहे आणि मला काळजी करायची खोड आहे. मी दिसायला कपाटासारखे उभे. वर काचेचा पडदा, त्याखाली एक दांडा, दांड्याशेजारी लाल बटण आणि गुडघ्याच्या उंचीवर नाणे टाकायची फट. पाठीला जाळी आहे. तिच्यात इतकी धूळ बसली आहे की तासभर चालले तरी मला धाप लागते. पण आज मी धुळीचे रडगाणे गाणार नाही. माझ्यावर एक प्रसंग गुदरला होता, तो सांगणार आहे. सांगताना माझा पडदा थोडा थरथरला तर समजून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लाकडी पेटी एका टेबलावर, काच दुसऱ्यावर, तारांनी भरलेली हिरवी पाटी तिसऱ्यावर, आणि शेवटच्या टेबलावर मी एकसंध झाले. तिथे यंत्रे तपासणाऱ्या दोन बायका होत्या. त्यांच्यातली एक माझ्यासमोर उभी राहिली, खेळू लागली आणि लगेच हरली. ती वैतागून म्हणाली, "अगं, यात जायला जागाच नाहीये."

दुसरी आपल्या कामातून मान वर न काढता म्हणाली, "आहे. शोध."

माझ्या कानांवर पडलेले हे पहिले बोलणे. माझ्याबद्दल याहून खरे कोणी बोललेले नाही.

तुम्ही म्हणाल, विमान, शत्रू आणि गोळ्या असलेली यंत्रे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. पाहिली असतील. पण त्या यंत्रांत गोळ्या थोड्या आणि वेगवान असतात. शत्रू दिसला की झाडायची, आधी झाडेल तो जिंकला. माझे तसे नाही. माझ्या गोळ्या सावकाश येतात, पण येतात त्या पडदा भरून. कधी पंख्यासारख्या उलगडतात, कधी भोवऱ्यासारख्या फिरतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की आता संपलेच. तरीही त्यांच्यामधून वाट असतेच. खेळणाऱ्याचे विमान बोटाच्या पेराएवढे दिसते, पण त्याचा जीव असतो मधल्या मोहरीएवढ्या ठिपक्यात. पंखाला गोळी घासून गेली तरी काही बिघडत नाही. नवख्याला हे ठाऊक नसते. तो सगळे विमान वाचवायला जातो, घाबरून या टोकाचे त्या टोकाला पळतो आणि जी गोळी त्याच्या वाटेला येणारच नव्हती, तिच्यावर स्वतः जाऊन आदळतो. जाणता खेळाडू फारसा हलत नाही. तो वाट बघतो आणि केसभर सरकतो.

लाल बटणाने विमानही गोळ्या झाडते, हे खरे. त्याने शत्रू पडतात आणि गुण मिळतात. पण बटण न दाबताही माझे शत्रू आपली वेळ संपली की निघून जातात. तोवर जिवंत राहिले की झाले. थोडक्यात, माझ्यात मारणे हा वरकड उद्योग, चुकवणे हेच मुख्य काम.

कारखान्यातून मी काकांच्या खेळघरात आले. रस्ताभर सगळे त्यांना काकाच म्हणतात. खेळघराच्या एका बाजूला चपला शिवणाऱ्याचे दुकान, दुसऱ्या बाजूला औषधांचे. काकांना टापटिपीची भारी हौस. त्यांनी रंगाऱ्याला बोलावून प्रत्येक यंत्राच्या कपाळावर त्याचा प्रकार लिहून घेतला. एकावर 'शर्यत', एकावर 'मारामारी', प्लास्टिकच्या बंदुका लावलेल्या दोघांवर 'बंदूक'. माझ्या वेळी ते म्हणाले, "यावर लिहा, गोळ्या चुकवायचा खेळ."

रंगाऱ्याने झोकात मोठी अक्षरे काढायला घेतली आणि 'गोळ्या' होतानाच पट्टी अर्धी संपली. तो स्टुलावरून खाली उतरला, मान तिरकी करून बघितले, पुन्हा वर चढला, 'या'वर एक टिंब दिले आणि उरलेल्या जागेत बसेल तेवढे लिहून टाकले. झाले काय, तर 'गोळ्यांचा खेळ'.

"अहो, चुकवायचा कुठे गेला?" काकांनी विचारले.

"बसला नाही, काका. गोळ्या म्हटल्या की चुकवणं आलंच. मुद्दाम खायला कोण जातंय?"

काका हसले. मला मात्र हसू आले नाही. आपल्यातला महत्त्वाचा शब्दच गळाला, आता लोक आपल्याला काय समजतील, या विचाराने माझा जीव तेव्हाच टांगणीला लागला.

त्या पाटीमुळे एक गोष्ट मात्र चांगली झाली. शेजारच्या दुकानात औषधे देणारी ताई पाटी वाचून आत आली. "गोळ्यांचा खेळ तर दिवसभर माझ्याकडे चालतो, काका. इथे कसला आणि?" असे म्हणत तिने नाणे टाकले आणि हातासरशी हरली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत पांढरा कोट न काढताच ती परत आली. मग येतच राहिली. पलीकडे ती आजीआजोबांना बजावायची, "गोळ्या चुकवायच्या नाहीत हं, सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या," आणि इकडे येऊन तासभर गोळ्या चुकवत बसायची. याचे तिचे तिलाच हसू यायचे.

ताई खेळू लागली की मागे गर्दी जमायची. आमच्या खेळघरात एक रीत पडून गेली होती. माझ्यासमोर कोणी खेळत असेल तर मागच्यांनी बोलायचे नाही आणि खेळणाऱ्याच्या खांद्याला हात लावायचा नाही. एरवी गोंगाट करणारी मंडळी श्वास रोखून उभी असायची आणि खेळ संपला की सगळ्यांचा सुस्कारा एकदम सुटायचा. कोणी म्हणे, "यंत्र आहे की छळवाद!" मला ती शाबासकी वाटायची. तेव्हाही ताईचे विमान दाटीत शिरले की माझ्या पोटात गोळा यायचा. पोट आधीच गोळ्यांनी भरलेले, त्यात हा आणखी एक.

पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला, फोनमध्ये खेळ आले आणि खेळघर रिकामे पडू लागले. माझ्या दांड्याखाली चार कळा आहेत, चार दिशांच्या. त्यांतली डावीकडची झिजली. दांडा डावीकडे दाबला तरी कधी कधी विमान जागचे हलत नसे. नवखे खेळाडू "माझंच चुकलं" म्हणून निघून जायचे. चूक त्यांची नसायची, माझी असायची, पण ते सांगायला मला तोंड कुठे होते? दुरुस्तीला काकांचा मेहुणा यायचा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. तो झाकण उघडून फुंकर मारायचा, कळीवर टिचकी मारायचा आणि "चाललं बघा" म्हणून जायचा. दोन दिवस चालायचे.

अशात रस्त्यापलीकडच्या इमारतीत शाळेचे लहान वर्ग भरू लागले. आईबापांना काळजी वाटली. मला त्यांचा राग नाही, काळजी काय असते ते मला कोणी शिकवायला नको. त्यांनी एकत्र येऊन काकांना विनंती केली की मुलांना गोळीबार शिकवणारी यंत्रे इथे ठेवू नका. काकांनी लगेच मान्य केले. बंदुकीची दोन्ही यंत्रे गाडीत चढवली गेली, आणि ते बघायला शाळेच्या मोठ्या बाई स्वतः आल्या. जाता जाता त्या माझ्यासमोर थांबल्या आणि त्यांनी माझे कपाळ वाचले.

"गोळ्यांचा खेळ. हे पण जायला हवं की."

"नाही बाई, हे चुकवायचं आहे. गोळ्या चुकवायचा खेळ."

"असं कुठे लिहिलंय?"

काकांनी माझ्या कपाळाकडे पाहिले. खरेच, कुठे लिहिले होते?

बाई कडक होत्या, पण एकांगी नव्हत्या. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी येते. मला चालवून दाखवा. मारायचं असेल तर जाईल, चुकवायचं असेल तर बघू."

मित्रांनो, जुन्या यंत्राला 'जाईल' म्हणजे काय ते ऐका. मिस्त्रीने त्याच दुपारी माझी काच मापून ठेवली. ती शर्यतीच्या यंत्राला बसणार होती. हिरवी पाटी सुट्या भागांत जाणार होती आणि लाकडाची फळी करायची ठरली होती. काका म्हणाले, "अरे, आधी ती डावी कळ तरी बदल. शुक्रवारी दाखवायचं आहे."

"भाऊजी, जायचंच असेल तर नवी कळ कशाला घालायची? निकाल लागू दे, मग घालतो."

निकाल त्या कळीवरच अवलंबून होता, हे मला कळत होते. त्याला कळत नव्हते.

ताईला सगळे समजले तेव्हा तिने काकांना धीर दिला. "मी खेळते. लाल बटणाला हातच लावणार नाही. मग तर पटेल ना त्यांना?"

"एकही गोळी न झाडता? किती वेळ टिकशील?"

"त्यांच्या लक्षात येईपर्यंत टिकले तरी पुरे."

शुक्रवार उजाडला. बाई माझ्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या, ताईच्या पाठीमागे काका आणि मिस्त्री. ताईने डावा हात दांड्यावर ठेवला आणि उजवा सगळ्यांदेखत कोटाच्या खिशात घातला. काकांनी पुढे वाकून फटीत नाणे टाकले आणि माझे धाबे दणाणले. कारण नाणे पडले की मला गोळ्या सोडाव्याच लागतात. आज जरा कमी सोडू, आज हळू सोडू, असे काही माझ्या हाती नाही.

शत्रूंची पहिली फळी आली आणि गेली. ताई केसभर सरकत राहिली. बाईंनी विचारले, "ही झाडत का नाहीये?"

"श्श, बोलायचं नाही," काका सवयीने म्हणून गेले, आणि आपण कोणाला गप्प केले हे ध्यानात येताच त्यांचा चेहरा उतरला. पण बाई खरेच गप्प झाल्या.

मग शत्रूचे मोठे जहाज आले. त्याने पंखा उलगडला, पडदा गोळ्यांनी भरला, आणि नेमक्या त्याच वेळी माझी डावी कळ गेली. ताईने दांडा डावीकडे दाबला. विमान हलले नाही. एक गोळी लागली आणि ते विमान गेले. आता तिच्याकडे शेवटचे विमान होते, ते पडद्याच्या मधोमध उतरले.

कळ गेली हे ताईला समजले होते. डावीकडे जाता येणार नव्हते, म्हणजे उजवीकडे टाकलेले पाऊल परत घेता येणार नव्हते. ती वर सरकायची, खाली सरकायची, आणि अगदी गळ्याशी आले तरच उजवीकडे केसभर जायची. ती जागा जपून जपून वापरत होती. मी मात्र पंख्यामागून पंखा उलगडत होते. माझा मीच धिक्कार करत होते, पण थांबता येत नव्हते. बाई वाकल्या. त्यांचा चष्मा माझ्या काचेला टेकायचा राहिला होता. मोठ्या जहाजाची वेळ संपत आली. ताईचे विमान उजव्या कडेला भिडले होते. शेवटची एक रांग आली, आणि तिच्यातली वाट डावीकडे होती, अगदी लगत.

ताईने दांडा दाबला. कळ लागली नाही. खेळ संपला.

कोणी सुस्कारासुद्धा सोडला नाही. माझी काच, हिरवी पाटी आणि फळी मला वेगवेगळ्या दिसू लागल्या.

"तू डावीकडे का नाही गेलीस? तिथे जागा होती," बाई म्हणाल्या. वाट त्यांनाही दिसली होती.

"मी गेले होते, बाई. दांडा नाही आला."

बाईंनी मिस्त्रीकडे पाहिले. मिस्त्री खाली बघू लागला. "म्हणजे हिचं काही चुकलं नव्हतं," बाई सावकाश म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या काचेवर बोट ठेवले. "काका, हिने एकसुद्धा गोळी झाडली नाही. झाडल्या त्या सगळ्या याने. इथे गोळीबार करणारं कोणी असेल तर ते हे यंत्र. मुलं यातून जीव वाचवायला शिकली तर मला चालेल. राहू दे. पण तो दांडा आजच्या आज नीट करा. समोरून एवढं येत असताना हातातलं तरी धड असावं माणसाच्या."

मिस्त्रीने त्याच दुपारी नवी कळ बसवली. या खेपेला टिचकी मारली नाही.

मी वाचले, मित्रांनो. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण बाईंचे ते वाक्य माझ्या आत रुतून बसले आहे. इतकी वर्षे मी स्वतःला ताईच्या बाजूचे समजत होते. तिच्यासाठी माझा जीव खालीवर व्हायचा. तिच्यावर गोळ्या कोण सोडते, हा विचार मला कधी शिवला नव्हता.

आता मोठ्या वर्गांतली मुले येतात. बाईंनीच पाठवलेली आहेत. नवखी असतात, फार पळतात, लवकर हरतात. त्यांच्याकडे पाहून माझी काळजी दुप्पट झाली आहे. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. माझ्यासारखे एखादे जुने यंत्र तुमच्याजवळ असेल तर त्याची धूळ पुसा, कळ झिजली तर वेळेवर बदला, त्याचा निकाल लागायची वाट बघू नका. कारण मोडक्या दांड्याने कोणी हरले, तर ती हार त्याची नसते, आणि हे त्याला कोणी सांगतही नाही. आणि माझ्यासमोर उभे राहिलात तर घाबरून पळू नका. वाट आहे. मी नेम धरणारच, त्याला माझा इलाज नाही. पण धरलेला प्रत्येक नेम चुकावा, असे मला मनापासून वाटते, आणि ते काम तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही.